पेप्टाइडची डबी घेण्याआधी

मैत्रिणींनो, सुरकुत्यांच्या क्रीमवर हल्ली ‘पेप्टाइड’ हा शब्द फार दिसतो. परवा नवी पेठेत दुकानदार म्हणाला, “ताई, रेटिनॉल सोडा, हे घ्या. अजिबात जळजळ नाही.” तेवढं त्याचं खरं. रेटिनॉल म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप. सुरुवातीला चेहरा लाल होतो, सालं निघतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, त्वचेला सौम्य. तांब्याशी जोडला जाणारा असा एक तुकडा लॉरेन पिकार्ट यांना १९७३ मध्ये माणसाच्या रक्तात सापडला होता. पण सुरकुत्या कमी होण्याचा भक्कम पुरावा आजही रेटिनॉलकडेच जास्त आहे, हे दुकानदार कशाला सांगेल?

आणि हेही सांगत नाही, की दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईनं रेटिनॉल लावू नये. सासूबाईंची ट्यूब सुनेनं सहज उचलली, असं घरोघरी होतंच की! तिथं पेप्टाइड बरं. शिवाय आपलं सोलापूरचं ऊन, पारा चाळिशीपार. रेटिनॉल रात्रीच लावायचं. सनस्क्रीन नि छत्रीशिवाय भरदुपारी बाजार केला, तर दोन्ही डब्यांचे पैसे पाण्यात. मी तरी आधी सनस्क्रीन घेईन. पैसे उरले तर पेप्टाइड.