पहिली पंगत की शेवटची?



'मी पाहिलेले लग्न' हा निबंध आपण पाचवीला दरवर्षी देतोच. त्याचा साचाही ठरलेला. मांडव, वाजंत्री, मंगलाष्टका, आणि शेवटी "आम्ही पोटभर जेवलो व आनंदाने घरी परतलो." यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलीनं शेवट वेगळा लिहिला. "आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा वांग्याची भाजी सरली होती. आई म्हणाली, रस्सा घे." 'सरली'खाली लाल रेघ मारून 'संपली' लिहिणार होते, पण हात थांबला. आपल्या वऱ्हाडात भाजी सरतेच, आणि शब्द अस्सल मराठी आहे. रेघ मारली नाही. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

तुम्ही लग्नात कोणत्या पंगतीला बसता, सांगा बरं. अकोल्या-अमरावतीकडची लग्नं म्हणजे एप्रिल-मेचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि अक्षता पडल्या की लगेच जेवणाच्या मांडवाकडे धाव. पहिल्या पंगतीचे आपले गुण आहेत. पोळी गरम, बुंदी भरपूर, वाढणाऱ्यांच्या अंगात जोर. दुसरीवाले म्हणतात, घाई कशाला, गर्दी ओसरली की निवांत जेवू, तोवर भाजीही मुरते. दोन्ही म्हणणी खरीच. ज्याला निवड करता येते त्याच्यासाठी!

समुद्रावरच्या मोठ्या पर्यटन जहाजांवर सुद्धा रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत वाढायची जुनी पद्धत आहे. जेवणघर एक आणि माणसं हजारांत, मग दुसरं काय करणार? बुकिंग करतानाच विचारतात, लवकरची पाळी हवी की उशिराची. लवकरची साधारण सहाची, उशिराची साडेआठची. लेकरंबाळं असलेले लवकरची घेतात, ज्यांना दिवसभर भटकायचं असतं ते उशिराची. मला त्यात एक गोष्ट आवडली. यादी दोन्ही पाळ्यांना तीच, ताटं मोजलेली, खुर्ची नावानं राखलेली. उशिरा बसणारा रश्शावर भागवत नाही. म्हणून तिथला प्रश्न फक्त सोयीचा. आपल्याकडे मात्र प्रश्न बादलीत काय उरलं याचा असतो.

आता शाळेकडे येते. आमचा व्हरांडा लहान, सगळी पोरं एकदम बसत नाहीत, म्हणून पोषण आहाराच्या दोन पंगती. लहान आधी, मोठे नंतर, हा नियम मीच केला होता आणि मला त्याचा अभिमानही होता. पहिली-दुसरीच्या लेकरांना भूक धरवत नाही, ते बरोबरच आहे. पण निबंध वाचल्यावर मी दुसऱ्या पंगतीत मुद्दाम आठ दिवस उभी राहिले. काय दिसलं? वाढायला रोज मुलीच. पहिली पंगत त्या वाढतात, दुसरी पंगतही त्याच वाढतात, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर चौघी-पाचजणी पातेल्याजवळ बसून तळाचं खरवडून खातात. म्हणजे माझ्या शाळेत दोन नाही, तीन पंगती होत्या, आणि तिसरी मला माहीतच नव्हती. निबंध लिहिणारी त्या तिसरीतली.

त्यांना विचारलं, "काऊन गं, आधी का नाही बसत?" तर एक म्हणाली, "घरी पण तसंच असते ना मॅडम." चूक माझी होती. "मुली नीट वाढतात, सांडत नाहीत" असं म्हणून मीच त्यांच्या हाती पळी दिली होती.

पालकहो, इथे थोडा हिशेब समजून घ्या, कारण पुष्कळांना वाटतं की शेवटी बसणाऱ्याला कमी येणारच. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम धरलेला असतो. लहानांच्या ताटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांच्या ताटात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं जायला पाहिजेत. शिधा हजर मुलांच्या संख्येवर निघतो, पंगतीवर नाही. मग शेवटच्या ताटात डाळ पातळ आली तर ती डाळ कुठे गेली? आधीच्या ताटांत गेली. किंवा तळाशी बसून राहिली, आणि वरचं पाणी आधी वाढलं गेलं, तेव्हा उलटंही होतं. वरणाचं पातेलं ढवळल्याशिवाय पळी घालायची नाही, एवढी साधी गोष्ट आम्ही डी.एड.ला कधी शिकलो नाही. पाठाचं टाचण मात्र छप्पन प्रकारचं काढलं.

काही सहकारी म्हणतील, मॅडम, एवढ्याशा गोष्टीवर लेख? खिचडी मिळते ना सगळ्यांना? पण आपल्याच भागात पंगतीचा प्रश्न कधी एवढासा नव्हता. कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोण वेगळं बसणार, यावर गावं भांडली आहेत. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांनी एका छताखाली राहावं-जेवावं म्हणून. शेंडगावचे गाडगेबाबा तर जेवायला हातातलं गाडगंच वापरत, आणि गावात शिरले की आधी झाडू घेत. या माणसांचे धडे आपण वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्नोत्तरं घेतो, आणि घंटा झाली की बाहेर व्हरांड्यात मुली पातेलं खरवडतात. शेजारी-शेजारी बसणं आपण बऱ्यापैकी शिकलो. आधी कोण आणि नंतर कोण, ते अजून तसंच आहे.

आपल्या जुन्या रितीत एक चांगली गोष्ट होती, ती सांगायलाच पाहिजे. घरधनी शेवटच्या पंगतीला बसायचा. पाव्हण्यांना काय पुरलं, काय सरलं, ते त्याला स्वतःच्या पत्रावळीवर कळायचं. पुढच्या कार्याला मग अंदाज चुकत नसे. आता बफे आले, घरधनी स्टेजवर फोटोत अडकलेला, आणि रांगेत शेवटी कोण उभं आहे ते त्याला दिसतच नाही. बायका तेव्हाही शेवटी, आताही शेवटी. अंदाज मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून माझं मत असं आहे. लहान लेकरं पहिल्या पंगतीला, यात बदल नको. पण वाढणं आठवड्याच्या पाळीनं, मुलगे-मुली दोघांनी. वाढणाऱ्यांची ताटं पहिली पळी पडायच्या आधी भरून झाकून ठेवायची. आणि शेवटच्या पंगतीला शिक्षकानं बसायचं. आहार वाटायच्या आधी चव घेऊन वहीत सही करायचा नियम आहेच, तो आपण पाळतो. पण ती चव वरच्या, गरम, पहिल्या पळीची असते. शेवटच्या पळीची चव घेतली तर वहीत निराळंच लिहावं लागेल. मी पहिल्या दिवशी बसले तेव्हा माझ्या ताटात वाटाण्याचे मोजून सहा दाणे आले.

पालकांनो, घरी सुद्धा एकदा बघा. रविवारी रोडगे-वांग्याचा बेत असतो तेव्हा शेवटी कोण बसतं, आणि त्याच्या ताटात काय पडतं. आमच्या घरी मी पाहिलं. आई बसली होती, आणि फोडी सरल्या होत्या. मी तेव्हा हात धुऊन पलंगावर मोबाइल बघत होते, हेही लिहून टाकते.

शाळेत या आठवड्यात पाचवीचे मुलगे वाढतात. सोमवारी एकानं अर्धी बादली वरण व्हरांड्यात सांडलं, स्वयंपाकीण मावशी माझ्यावरच चिडल्या, "म्हणून म्हणत होते मॅडम, पोरीच बऱ्या." मंगळवारी त्यानं बादली दोन्ही हातांनी धरली. ती निबंधवाली पहिल्या पंगतीत बसली होती. तिनं त्याला सांगितलं, "खालून ढवळ रे आधी." त्यानं ढवळलं.