दरमहा कापू नका, एकदाच विका
गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांतील मोबाइलधारकांसाठी आणि ॲप बनवणाऱ्यांसाठी जाहीर पत्रक

मोबाइलवरील ॲप विकण्याच्या दोन रीती आहेत. एकरकमी विक्रीत ग्राहक एकदाच किंमत मोजतो आणि ॲप त्याच्याकडे राहते. सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे मुदतीच्या शुल्कात, ठरलेली रक्कम दरमहा किंवा दरवर्षी खात्यातून आपोआप वजा होते आणि ती थांबली की ॲपही थांबते. गेल्या दहा वर्षांत ही दुसरी रीत इतकी पसरली आहे, की ज्या ॲपला फोनबाहेरचे काहीच लागत नाही, त्या साध्या हिशेबवहीलाही आता भाडे लागते. असे भाडे घेणे अन्यायाचे आहे आणि पेडणे तालुक्यातील तुये परिसरातील माणसाला ते अधिकच जाचक आहे.

पेडण्यातील पुष्कळ घरांचे उत्पन्न हंगामी असते. काजूचे पैसे मार्च ते मे या काळात येतात, किनाऱ्यावरील शॅक, भाड्याच्या खोल्या आणि टॅक्सी यांची कमाई साधारणपणे ऑक्टोबरपासून सुरू होते आणि पावसाळ्यात हात आखडतो. खात्यातील वजावट मात्र आषाढातही चुकत नाही. उत्पन्न थांबले आणि हप्ता थांबला नाही तर काय होते, हे सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर डिचोलीच्या ट्रकमालकांनी सोसले आहे. तरीही ट्रकचे कर्ज कधी ना कधी फिटते आणि ट्रक मालकाचा होतो. दरमहा ९९ रुपयांचे ॲप वर्षाला १,१८८ आणि तीन वर्षांत ३,५६४ रुपये घेते, आणि चौथ्या वर्षी पैसे थांबवले तर ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. कित्येकदा त्याने स्वतः भरलेल्या नोंदीही कुलूपबंद होतात.

ॲप बनवणाऱ्यांचे म्हणणे असे, की अँड्रॉइड दरवर्षी बदलते, त्यानुसार दुरुस्ती करावी लागते आणि त्या श्रमाचे मोल मिळाले पाहिजे. ते मिळालेच पाहिजे, परंतु ग्राहकाला ओलीस धरून नव्हे. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ दरवर्षी विकत घ्यावे लागते, याबद्दल कोणाची तक्रार नाही, कारण त्यात दरवर्षी नवे पंचांग असते. सर्व्हरवर माहिती साठवणाऱ्या किंवा रोज ताजा मजकूर देणाऱ्या ॲपने मुदतीचे शुल्क घेणेही त्याच न्यायाने योग्य ठरते. दुकानदार आणि हिशेबनीस वापरत असलेल्या टॅलीने तर मधला मार्ग वर्षानुवर्षे चालवून दाखवला आहे: कायमचा परवाना एकदा घ्यायचा, पुढील सुधारणांसाठी वार्षिक नूतनीकरण ज्याला हवे त्याने करायचे, आणि न केल्यास घेतलेली आवृत्ती चालूच राहते. ही रीत मोबाइलवर रुजली नाही, यात ॲप-दुकानांचा दोष मोठा आहे. जुन्या ग्राहकाला नवी आवृत्ती सवलतीत विकण्याची सरळ सोय ती देत नाहीत. उलट ॲपलने २०१६ मध्ये सर्व प्रकारच्या ॲपना सबस्क्रिप्शन खुले केले आणि ग्राहक वर्षभर टिकला की आपले कमिशन ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणण्याचे आमिष दाखवले.

याहून वाईट आहे ती ग्राहकाला सबस्क्रिप्शनमध्ये अडकवण्याची पद्धत. ‘सात दिवस मोफत’ हे बटण पडदाभर असते आणि त्यानंतर किती रुपये जाणार, ही ओळ खाली राखाडी, बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत असते. बटण एकदा दाबले, यूपीआयचा पिन दिला की ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापण्याची परवानगी, मंजूर होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. पण ती सूचना संदेशांच्या गर्दीत हरवते आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला पुन्हा पिन लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या रचना निषिद्ध ठरवल्या, त्यांत सबस्क्रिप्शनचा सापळा, म्हणजे रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे, याचा स्पष्ट समावेश आहे.

फोनवरून ॲप काढून टाकल्याने वजावट थांबत नाही, हे प्रत्येक घरात माहीत झाले पाहिजे. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडावे आणि नको ती वर्गणी तेथे रद्द करावी. यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादीही तपासावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तुये येथे इलेक्ट्रॉनिक सिटी उभारण्याच्या योजनेमुळे या परिसरातील तरुण मुले-मुली उद्या ग्राहक तर असतीलच, पण ॲप बनवणारेही असतील. त्यांना या पत्रकाची विनंती आहे, की फोनमध्येच चालणारे ॲप एकरकमी विकावे, नव्या कामाचे नवे मोल मागावे आणि ग्राहकाच्या नोंदी कोणत्याही कारणाने अडवू नयेत. ग्राहकांनीही अशा ॲपची किंमत घासाघीस न करता मोजावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवरील ऑटोपेची यादी आजच त्यांच्यासोबत बसून पाहावी.