लक्ष नव्हतं म्हणे!

पॉवर प्रेसखाली कुणाचे बोट गेले की ठरलेले वाक्य ऐकू येते, "त्याचं लक्ष नव्हतं." मंडळी, मला या वाक्याची चीड आहे. तासन् तास तेच काम करताना लक्ष चुकणारच, माणूस आहे तो! म्हणून तर प्रेसला दोन बटणे देतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावा. उत्पादन वाढवायला एक बटण कायमचे दाबून ठेवायचे, हे कामगार ठरवतो का? धोकादायक भागांना गार्ड हवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. १९२३ च्या भरपाई कायद्याने अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के घटली असे धरले. हातावर पोट असणाऱ्याला हा हिशोब कोण समजावणार? यापुढे लक्ष कुठे होते हे विचारू नका, गार्ड कुठे होता ते विचारा.