कानात तेल, डब्यात तांदूळ

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणा एका माणसाशी नाही. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्याशी.

विषय तसा छोटा, अगदी बोटाच्या पेराएवढा. कानात घालायचे इअरफोन. ऑर्केस्ट्रातली मुलं त्यांना ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणतात, कॉलेजातली पोरं ‘बड्स’ म्हणतात आणि आमची आत्या ‘कानातली बोंडं’ म्हणते. (वऱ्हाडात जन्म गेल्यावर कापसाशिवाय दुसरं काय आठवणार! :) ) तर ही बोंडं घामाने ओली झाली, पावसात भिजली किंवा मळाने भरून मुकी झाली की राजापेठेपासून बडनेऱ्यापर्यंत कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो. “तांदयाच्या डब्यात ठेव नं भाऊ, सकायपर्यंत सुकते थे.”

माझं म्हणणं आहे की हा सल्ला म्हणजे शुद्ध अंधश्रद्धा आहे, आणि सुशिक्षित घरांत ती जास्त जोरात आहे.

जरा विचार करा. डब्यातले तांदूळ आपल्याला कोरडे वाटतात, पण साठवणीच्या तांदळात बारा ते चौदा टक्के पाणी असतंच. स्वयंपाकघरातल्या हवेशी त्यांचा हिशेब कधीच मिटलेला असतो. आणखी ओल ओढून घ्यायची त्यांना काही घाई नसते. वरून आपण डब्याचं झाकण घट्ट लावतो, म्हणजे जी हवा ओल घेऊन गेली असती तीही बंद. आणि तांदळाचं पीठ? ते मात्र उडतं आणि इअरफोनच्या ओल्या जाळीवर जाऊन बसतं. ओल अधिक पीठ म्हणजे काय होतं, ते पतंग चिकटवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. ॲपलने २०२४ साली आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. फोनच्या भोकाची ही कथा, तर इअरफोनच्या मिलिमीटरभर नळीचं काय होत असेल!

“पण आमचा तर तांदळात ठेवून चालू झाला होता!” हे वाक्य मला पाठ आहे. झाला असेल. तो टेबलावर ठेवला असता तरी झाला असता, बहुधा लवकर झाला असता. तीन दिवसांनी आपोआप उतरणारा ताप असतो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी अंगारा लावतं आणि श्रेय अंगाऱ्याला जातं, त्यातलाच प्रकार. ज्या गाडगेबाबांची समाधी आपल्या अमरावतीत आहे, त्यांनी १९५६ साली देह ठेवेपर्यंत गावोगावी दोन गोष्टी केल्या. दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडलं आणि रात्री कीर्तनात असल्या भाबड्या समजुती झाडल्या. आपण त्यांच्या नावाचं विद्यापीठ काढलं, पदव्या घेतल्या आणि इअरफोन तांदळात पुरले. असो.

तांदळाच्या खालोखाल दुसरं दैवत म्हणजे ऊन. आपल्याकडे ज्याला त्याला ऊन दाखवायची पद्धत. पापड, कुरड्या, सांडगे, मिरच्या, गाद्या, सगळं गच्चीवर. त्याच रांगेत आता इअरफोन. अहो, मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला तेव्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. जिथे माणसांनी जमू नये असा हुकूम निघतो, तिथे लिथियमची बॅटरी निवांत वाळत बसेल का? ॲपलसारख्या कंपन्या साधारण ४५ अंशांपर्यंतच साठवण सांगतात, आणि ते आकडे सावलीतले धरा. गच्चीची तापलेली फरशी त्याच्या कितीतरी पुढे जाते. बॅटरीचं आयुष्य घटतं, आतला गोंद सैल होतो, पडदा वाकतो. हेअर ड्रायरचंही तेच, शिवाय त्याचा झोत पाणी आणखी आत ढकलतो. काही जण तोंडाने फुंकर मारतात. फुंकर म्हणजे ओली हवा, सोबत थुंकीचे तुषार फुकट. आणि टाचणीवाल्यांना तर हात जोडून नमस्कार. जाळीला भोक पडलं की मळाला राजरस्ता मोकळा.

आता कुणी म्हणेल, दीड-दोन हजारांच्या वस्तूसाठी एवढा आरडाओरडा कशाला? गेली तर नवी घेऊ. इथेच माझं खरं भांडण आहे. प्रश्न वस्तूचा असता तर मी गप्प बसलो असतो. प्रश्न कानाचा आहे.

कसा ते सांगतो. कानातला मळ इअरफोनच्या जाळीवर हळूहळू साचतो. एका दिवसात काही कळत नाही. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज बोथट होतात, मग एकूण आवाजच उतरतो. बहुतेक वेळा एका बाजूला जास्त. आपण काय करतो? आवाज वाढवतो. बंद बाजू जेमतेम ऐकू येईपर्यंत वाढवतो, आणि जी बाजू उघडी आहे तिच्यावर तो सगळा मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर ठीक, पण दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ९० वर गेलात की आठवड्याला फक्त ४ तास. म्हणजे दहा डेसिबलची ‘जरासी’ वाढ केली की मुदत एक दशांश. आणि आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी या माऱ्यात मरतात, त्या माणसाला पुन्हा येत नाहीत. केस गळल्यावर टोपी घालता येते, इथे तीही सोय नाही.

आमचा एक भाचा ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. पदरमोड करून त्याने आठ हजारांचे मॉनिटर घेतले. लग्नसराईत डावी बाजू मंद झाली. हा रोज मिक्सरवर बसलेल्या मित्राला खूण करायचा, अंगठा वर, आणखी वाढव. महिनाभराने घरी आल्यावर उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली, रात्रभर. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली, या वेळी थोडक्यात निभावलं. मग मॉनिटर दुरुस्तीला गेले. एका दुरुस्तीवाल्याने त्यात गंज काढायचा फवारा मारला, वर गरम हवेची बंदूक लावली, आणि मंद असलेली बाजू कायमची मुकी करून परत दिली. आत होता काय, तर मुगाच्या डाळीएवढा मळ.

यातली गंमत (गंमत कसली!) बघा. हे मॉनिटर जन्माला आले ते कान वाचवण्यासाठीच. पूर्वी वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून रंगमंचावर समोर मोठाले स्पीकर ठेवत, त्यांच्या गदारोळात कान जात. १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठी कानात बसणारे मॉनिटर केले आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. कान बाहेरच्या आवाजाला बंद, आत हवा तेवढाच आवाज. सगळा खेळ कमी आवाजात स्पष्ट ऐकण्याचा. जाळी बुजली की तो खेळच उलटतो.

अशा अनेक मॉनिटरांत जो चिमुकला यांत्रिक भाग आवाज काढतो, ‘बॅलन्स्ड आर्मेचर’, तो मुळात श्रवणयंत्रासाठी वापरात आला. म्हणजे नातवाचा मॉनिटर आणि आजोबांचं कानाचं मशीन ही चुलत भावंडं. एकाच मळाने, एकाच ओलीने दोघं आजारी पडतात.

आणि आता जे लिहितो आहे ते नातेवाइकांनी जरा हळू वाचावं. आमच्याच नात्यात एक आबा आहेत. (नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.) त्यांचं मशीन ऐन पावसाळ्यात बंद पडल्यासारखं झालं. घरच्यांनी ते दोन रात्री तांदळात ठेवलं, बॅटरीसकट. फरक पडला नाही. मग निदान झालं, “आता आबांचं बहिरेपण वाढलं.” दोन महिने. या दोन महिन्यांत जेवताना त्यांना कुणी काही विचारलं नाही. सांगून उपयोग नाही, ऐकूच येत नाही, मग दूरदर्शनसमोर बसवलेले बरे. आबाही हळूहळू बोलायचे थांबले. शेवटी मशीन घेऊन गेल्यावर तिथल्या बाईंनी टोकावरची मळ अडवणारी पांढरी गाळणी बदलली. दोन मिनिटांचं काम. आबांनी पहिलं वाक्य विचारलं, “पाऊस केव्हापासून सुरू आहे?”

सांगा, बहिरं कोण होतं?

कंपन्यांनाही मोकळं सोडायचं कारण नाही. जाहिरातीत घामाने निथळणारा पहिलवान दाखवतात आणि ‘आयपीएक्स ४’ असं मंत्रासारखं लिहितात. त्याचा अर्थ एवढाच की साध्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर चालेल. आपला घाम म्हणजे मीठ आणि तेल. न्हाणीघरातली वाफ वेगळीच. तरी कुठल्याही वॉरंटीचा कागद भिंग लावून वाचा, पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं सापडेल. खोक्यातल्या सूचनापत्रावर डझनभर भाषा असतात, मराठी मला तरी अजून दिसलेली नाही. मग लोक तांदळाकडे वळणार नाहीत तर काय!

बरं, नुसती शंखध्वनी करून उपयोग नाही. करायचं काय ते सांगतो, पाच मिनिटांचं आहे.

वापर झाला की आधी घाम पुसा, मऊ कोरड्या फडक्याने. ओली बोंडं तशीच चार्जिंगच्या डबीत टाकू नका. ओल, मीठ आणि वीज एकत्र आली की तिथल्या पितळी टिकल्या हिरव्या पडणारच. आठवड्यातून एकदा सिलिकॉनच्या टोप्या काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने चोळून धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका. स्पंजाच्या टोप्या भिजवायच्या नाहीत, नुसत्या पुसायच्या, खराब झाल्या की बदलायच्या. इअरफोन मात्र नळाखाली धरायचा नाही. त्याचं तोंड जमिनीकडे करून धरा आणि तान्ह्या बाळाचा कोरडा टूथब्रश जाळीवर हलके फिरवा. तोंड खाली, हे महत्त्वाचं. वर धरलंत तर सुटलेला मळ आतच पडेल. मळ ओला असेल तर रात्रभर थांबा, वाळला की आपसूक निघतो. स्पिरिट लावायचंच असेल तर फडक्याला किंचित, तेही बाहेरच्या अंगाला. थेट जाळीवर ओतलं की मळ विरघळून आत वाहत जातो. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीनसारखे चिकट पदार्थ असतात. गाळणी बदलता येत असेल तर बदला, कोरत बसू नका.

वाळवायचं कसं? सावलीत, उघड्यावर, पंख्याच्या वाऱ्यात. आपल्या वऱ्हाडातली कोरडी हवा पावसाळा सोडला तर याबाबतीत फार दिलदार आहे, फुकटात काम करते. पावसाळ्यात, किंवा चिखलदऱ्याला भिजून आलात तर, तासभर वाऱ्यावर ठेवून मग घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात निघतात त्या पुड्या, पण जुन्या झालेल्या नकोत, त्यांनी आधीच पोटभर ओल प्यायलेली असते. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, रंग पालटला की समजावं आता भरलं. पोरांच्या हाताला लागू देऊ नका. कानाच्या मशीनमध्ये बदलायच्या बॅटऱ्या असतील तर त्या आधी काढा आणि दार उघडं ठेवा. त्या बॅटऱ्या हवेवर चालतात, कोरड्या डबीत बिचाऱ्या सुकून जातात.

आणि शेवटी कान. तो स्वतःचा मळ स्वतः बाहेर ढकलतो, पडद्यापासून दाराकडे. आपण काडी घालून तो परत आत लोटतो आणि वर कोमट तेल ओततो. उबदार, ओला, तेलकट कान म्हणजे बुरशीला आयतं शेत. आंघोळीनंतर लगेच इअरफोन घालू नका, एकमेकांचे वापरू नका. (‘एक कान तुझा, एक माझा’ सिनेमात शोभतं.) दुखलं, वाहिलं, दडा बसला तर घरगुती कारागिरी बंद आणि थेट डॉक्टर. आपल्या भाषेने मौल्यवान वस्तू डोळ्यांत तेल घालून जपायला सांगितली होती. आपण उलटंच करतो, कानात तेल घालून बसतो.

तेव्हा मंडळी, तांदूळ खिचडीला, ऊन पापडाला. आणि घरात कुणी म्हातारं माणूस आजकाल गप्प गप्प असेल, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी त्याचं मशीन हातात घेऊन उजेडात एकदा बघा. आजच बघा.