नटाची बैठक कोरीच राहू द्या

खिडक्यांचे ग्रिल आणि विजेच्या पॅनेलची खोकी पावडर कोटिंगच्या ज्या भट्टीत भाजली जातात, त्याच भट्टीत आता जुन्या मोटारींची चाकेही येऊ लागली आहेत. त्यात वावगे काही नाही. फॉस्फेटिंग नीट झालेल्या पत्र्याच्या चाकावर 60 ते 80 मायक्रॉनचा पॉलिएस्टर थर बसला, की खडी, चिखल आणि ब्रेकची धूळ यांपुढे तो साध्या रंगापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मात्र ग्रिलचे काम बिघडले तर गंज चढतो, चाकाचे बिघडले तर माणसाच्या जिवावर बेतू शकते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते नटाच्या बैठकीकडे. नट आवळला की चाकाच्या निमुळत्या बैठकीत धातूवर धातू दाबला जातो, स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणावर नट घट्ट राहतो. या बैठकीवर किंवा हबला टेकणाऱ्या मागच्या बाजूवर पावडर राहिली, तरी आवळताना टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवतो. फसगत इथेच होते. गाडी रस्त्यावर आली, ब्रेकच्या उष्णतेने हब तापला, की तो थर दबतो, कडेला सरकतो आणि स्टडमधला ताण उतरतो. प्रायमर, रंग आणि वरून क्लिअर असे तीन हात दिले, तर जाडी सहज 150 मायक्रॉनच्या पुढे जाते आणि धोका वाढतो. गिऱ्हाइकाला सगळीकडे सारखी चकाकी हवी असते, ते समजण्यासारखे आहे. तरीही बैठकीत सिलिकॉनचे प्लग आणि मागे उष्णता सोसणारी पॉलिएस्टर टेप लावल्याशिवाय चाक हँगरला चढवूच नये. चाके बसवल्यावर पहिल्या 100 किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासायचे, हे गाडीमालकाला बिलावरच लिहून द्यावे.

पत्र्याच्या चाकाला 200 अंशांची भट्टी जड जात नाही. अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. पोर्शे 911 एससाठी 1966 मध्ये आलेली ओटो फुक्सची पाच पाकळ्यांची चाके घडीव आहेत. त्या काळातली इतर बरीच चाके ओतीव. दोन्हींची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून येते आणि तिचा शेवटचा टप्पा साधारण 150 ते 180 अंशांचा असतो. भट्टी त्याच्या वर गेली आणि चाक आत रेंगाळले, की धातू मऊ पडू लागतो. एकदा 20 मिनिटे भाजल्याने फार बिघडत नाही. पण प्रायमरला एकदा, रंगाला एकदा, क्लिअरला एकदा, मग डाग दिसला म्हणून पुन्हा एकदा, अशा फेऱ्यांची बेरीज कुणी ठेवत नाही. कमी तापमानाला पिकणारी पावडर वापरावी आणि भट्टीच्या हवेचे नव्हे, चाकाच्या धातूचे तापमान नोंदवावे. जुना थर काढताना 400 अंशांच्या बर्न-ऑफ भट्टीत अॅल्युमिनियमचे चाक टाकणे म्हणजे ते मोडीत काढणे. कॉस्टिकची टाकीही नको. ती रंगाबरोबर धातूही खाते.

ओतीव चाकात बारीक छिद्रे असतात. त्यांतली हवा आणि मुरलेले तेल भाजताना बाहेर येते आणि पृष्ठभागावर पिनहोल पडतात. म्हणून पावडर मारण्याआधी चाक कोरेच एकदा तापवून घ्यावे, तेही वरच्या फेऱ्यांच्या हिशेबात धरून.

पावडरचा जाड थर जुनी भेगही झाकतो. ब्लास्टिंग झाले, चाक उघडे पडले, की भेग शोधण्याची तीच शेवटची संधी. भेग रंगाने दाखवणाऱ्या डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्टचे तीन डबे महाग नाहीत. मात्र अॅल्युमिनियमवर जोरात ब्लास्टिंग केले, तर भेगेचे तोंड दाबून मिटते. मारा हलकाच हवा. स्टीलची ग्रिटही नको, तिचे रुतलेले कण पुढे गंजाला निमंत्रण देतात. नटांच्या भोकांभोवती किंवा आऱ्यांच्या मुळाशी भेग दिसली, तर ते काम परत करावे. त्याने एक ऑर्डर जाईल. जाऊ द्यावी.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात ब्लास्ट केलेला पत्रा काही तासांत तांबूस होतो. चाक त्याच पाळीत पावडरखाली गेले पाहिजे.

मॅग्नेशियमची जुनी चाके, उदाहरणार्थ 1960 च्या दशकातली मूळ मिनीलाइट, सर्वसाधारण शॉपने घेऊच नयेत. त्यांची धूळ पेट घेते आणि ती आग पाण्याने आणखी भडकते.

तारांच्या चाकांचा आग्रहही सोडायला हवा. जुळवलेल्या चाकावर गन कितीही फिरवली तरी तारांच्या फुलीच्या आत पावडर नीट पोचत नाही, आणि निपलवर साचलेला थर तार आवळू देत नाही. रिम, हब आणि तारा वेगळ्या असतील तरच काम घ्यावे. शिवाय पावडर कोटिंग मुळात 1950 च्या दशकात जर्मनीत सुरू झाले. त्याआधीच्या गाडीची चाके कारखान्यातून पावडर लावून बाहेर पडलीच नव्हती. अशी गाडी व्हिंटेज गाड्यांच्या स्पर्धेत न्यायची असेल, तर तिला स्टोव्ह एनॅमलच शोभते, आणि हे गिऱ्हाइकाला कोटिंगवाल्याने काम घेण्यापूर्वी सांगावे.