जाळी धरलेले डबे

ईद होऊन महिना-दीड महिना झाला की अनेक घरांत संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर करडी, छोटी पाखरं दिसू लागतात. रमजानसाठी भरलेल्या सामानातलं काही ना काही उरलेलं असतं. शेवयांचा अर्धा पुडा, रवा, बेसन, खजूर, चारोळी. कुणी फडक्याने पाखरं मारतं, कुणी स्प्रे मारतं, आणि आठवड्याने ती पुन्हा हजर.

उडणारं पाखरू धान्य खातच नाही. खाते ती अळी. वर्गात आम्ही फुलपाखराचं जीवनचक्र फळ्यावर काढतो, अंडी, अळी, कोष, पाखरू, तेच इथे रव्याच्या डब्यात चालू असतं. एक मादी शंभराहून जास्त अंडी घालते आणि उन्हाळ्यात महिनाभरात पुढची पिढी तयार होते. म्हणून पाखरामागे न धावता पुडा शोधायचा.

सगळं खाली काढा. न फोडलेली पाकिटंही पाहा, कारण पातळ पिशवी अळी कुरतडते. सुकी मिरची, बदाम, पोपटाचं खाद्य हे हमखास विसरतात. ज्यात जाळी, गुठळ्या दिसतील ते पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर टाका. गरिबाला द्यायचं तर चांगलं द्यावं, हे नव्हे. कोष मात्र डब्यात कमी आणि झाकणाच्या आट्यांत, फळीच्या फटीत, कागदाच्या घडीत, छताच्या कोपऱ्यात जास्त असतात. साबणाच्या गरम पाण्याने पुसा, फटीत काडी फिरवा, पूर्ण वाळल्यावरच डबे भरा. बरा दिसणारा मैदा, बेसन, सुका मेवा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. रवा भाजून ठेवा. तूरडाळीला एरंडेल चोळण्याची दादी-नानींची रीत चांगलीच आहे. कडुलिंबाचा पाला घाला हवा तर, पण झालेली अळी त्याने मरत नाही.

आता गोळ्यांविषयी. धान्याच्या पोत्यात टाकायला काही दुकानांत सुटी गोळी मिळते. ती बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. ही गोळी गोदामासाठी, तीही प्रशिक्षित माणसाच्या हातून वापरायची. घरगुती वापरासाठी ती विकायला कायद्याने परवानगी नाही. आपल्या लहान घरांत तांदळाचं पोतं पलंगाखाली असतं आणि पलंगावर मुलं झोपतात. या गोळीने झोपेत माणसं गेली आहेत, त्यात लहान मुलं जास्त. घरात ती टाकलेली असेल तर हात लावू नका, पाणी ओतू नका. खिडक्या-दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. कुणाला उलटी, छातीत घुसमट होत असेल तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना धान्यातल्या गोळीचं आधी सांगा.

पाखरांसाठी एवढी जोखीम कशाला? पुढचे दोन महिने थोडं-थोडं सामान आणा, आणि दर जुम्म्याला झाकणाच्या आट्या तेवढ्या पाहत जा.