उभं राहिलं की धडधड

मैत्रिणींनो, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आपल्या नगरात (आता अहिल्यानगर म्हणायचं!) कोरोनानं घराघरांत माणसं अंथरुणाला खिळली. ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, की बाई बरी झाली असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. पण आमच्या सावेडीत आजही एखादी भेटते नि सांगते, "ओट्यापाशी उभी राहिले की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते." ई.सी.जी. ठीक असतो. मग सासूबाई आळस म्हणतात आणि नवरा टेन्शन!

हा आळस नव्हे. अमेरिकेतल्या दीड लाखाहून अधिक कोरोनाग्रस्त माजी सैनिकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारानंतर वर्षभर हृदयविकार, ठोक्यांची गडबड, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढलेला दिसला. दवाखान्यात भरती न झालेल्यांनाही.

आपण उभ्या राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. रक्तवाहिन्या आवळून ते वर पाठवतात. विषाणूच्या आजारानंतर कधीकधी हे तंत्र बिघडतं, मग हृदय धावाधाव करतं. डॉक्टर याला 'पॉट्स' म्हणतात, आणि तो तरुण बायकांतच जास्त आढळतो.

घरी पाहता येतं. दहा मिनिटं पडून राहा, मनगटाची नाडी मोजा. मग भिंतीजवळ उभ्या राहून दहा मिनिटांत दोन-तीनदा मोजा. कुणीतरी जवळ हवंच. चक्कर आली तर लगेच बसा. ठोके ३० किंवा अधिक वाढले नि तसेच राहिले तर आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्या. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो.

पाणी भरपूर प्या. मीठ वाढवायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, ब्लडप्रेशरवालीनं तर मुळीच परस्पर नको. कढत पाण्याची आंघोळ टाळा. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, मग उभ्या राहा. स्वयंपाक उंच स्टुलावर बसून करा. आपल्या आज्या चुलीपुढे बसूनच रांधत होत्या की! पोळी काही कमी फुगत नव्हती.

छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, शुद्ध हरपली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र कुकरची शिट्टी होण्याचीही वाट पाहू नका. गॅस बंद करा आणि तडक दवाखाना गाठा.